पाच वर्षांना ‘फॉर’, २०१९ ला ‘सिन्स’: इंग्रजीत कालावधी सांगायला शिकताना

मुलाखतीत विचारतात, सध्या कुठे आहात? आणि आपल्याकडचा उमेदवार सांगतो, ‘आय ॲम वर्किंग देअर सिन्स थ्री इयर्स.’ समोरच्याला कळतं, मुलाखत पुढे सरकते, कोणी टोकत नाही. मीही नोकरीच्या सुरुवातीची कित्येक वर्षं हेच वाक्य बोलत आलो. आजूबाजूचे सगळे तसंच बोलायचे, त्यामुळे त्यात काही चुकतंय हे कळायलाच उशीर झाला. आता संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी बोलायला शिकायला वेगवेगळी मंडळी येतात. नर्सिंग झालेल्या मुली, बँकेत लागलेली मुलं, परदेशी नातवंडांकडे निघालेले आजी-आजोबा. पहिल्या दिवशी ओळख करून देताना हे वाक्य हमखास येतं.

ही चूक निष्काळजीपणाची नाही. बोलणारा माणूस मराठीशी प्रामाणिक राहून बोलत असतो. आपण ‘तीन वर्षांपासून’ म्हणतो आणि ‘सोमवारपासून’ही म्हणतो. ‘पासून’ एकच. इंग्रजीला मात्र इथे दोन वेगळे शब्द लागतात. ‘पर्यंत’, ‘पूर्वी’, ‘-नी’ यांचंही तेच. म्हणून या लेखात व्याकरणाच्या पुस्तकाचा क्रम मी धरलेला नाही. तोंडात जो मराठी प्रत्यय आधी येतो, तिथून निघून इंग्रजी शब्दापर्यंत जायचं आहे. सगळं एका बैठकीत वाचलंत तरी सराव मात्र एकेका पायरीचा करा, आणि ती जिभेवर बसल्याशिवाय पुढची धरू नका.

पायरी १: आधी विचारा, ‘किती?’ की ‘कधी?’

वहीत एक आडवी रेघ ओढा. ही काळाची रेघ. तिच्यावर कुठेतरी एक टिंब द्या आणि खाली लिहा: सोमवार. दुसरं टिंब: २०१९. तिसरं: लग्न झालं तेव्हा. ही सगळी टिंबं आहेत, त्यांना आपण ‘कधी?’ असं विचारतो. आता दोन टिंबांमधला तुकडा जाड करा आणि खाली लिहा: तीन तास, सहा महिने, पाच वर्षं. हे तुकडे आहेत, त्यांना आपण ‘किती?’ असं विचारतो.

इंग्रजीतले कालावधीचे निम्मेअधिक घोटाळे या एका प्रश्नाने सुटतात. तुकड्याला ‘फॉर’, टिंबाला ‘सिन्स’. ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स.’ ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स ट्वेंटी नाइन्टीन.’ पाच वर्षं किती ते सांगतात, २०१९ कधी ते सांगतं. ‘सिन्स मंडे’, ‘सिन्स माय वेडिंग’, आणि ‘सकाळपासून’ला ‘सिन्स मॉर्निंग’ नव्हे, ‘सिन्स धिस मॉर्निंग’. आणि ‘फॉर टू डेज’, ‘फॉर अ मंथ’, ‘फॉर अ लाँग टाइम’.

क्रियापदाकडेही लक्ष द्या. मराठीत ‘मी पाच वर्षांपासून इथे काम करतो’ यात साधा वर्तमानकाळ चालतो. इंग्रजीत मागे सुरू होऊन आजही चालू असलेल्या गोष्टीला बहुधा ‘हॅव बीन’ किंवा ‘हॅज बीन’ लागतं. हे सोडून ‘आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हटलंत, तर वाक्य बरोबरच आहे, पण त्याचा अर्थ तुम्ही ती नोकरी सोडलीत असा होतो. मुलाखतीत हा फरक लहान नाही. बायोडेटात एक सांगितलं आणि तोंडाने दुसरं, असं ऐकणाऱ्याला वाटू शकतं.

‘फ्रॉम’चा मोह आवरा. ‘फ्रॉम लास्ट टू इयर्स’ हे आपल्याकडे इतकं रुळलंय की ते ऐकताना खटकतही नाही. ‘फ्रॉम’ला बहुतेक वेळा पुढचं टोक हवं असतं: ‘फ्रॉम टेन टु फाइव्ह’, ‘फ्रॉम जून टु ऑगस्ट’. गेली दोन वर्षं म्हणायचं असेल तर ‘फॉर द लास्ट टू इयर्स’. त्यातला ‘द’ गाळू नका. उलट ‘गेल्या आठवड्यात’ म्हणताना नुसतं ‘लास्ट वीक’. तिथे ‘द’ही नको आणि ‘इन’ही नको.

प्रश्न विचारतानाची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ‘कधीपासून वाट बघताय?’ याचं शब्दशः इंग्रजी ‘सिन्स व्हेन आर यू वेटिंग?’ असं तोंडात येतं. पण इंग्रजीत ‘सिन्स व्हेन’ला बऱ्याचदा शंकेचा, जाब विचारल्यासारखा सूर असतो. ‘हे कधीपासून सुरू केलंस रे?’ असं आपण डोळे मोठे करून विचारतो ना, तसा. काळजीने विचारायचं असेल तर ‘हाउ लाँग हॅव यू बीन वेटिंग?’ नर्सने रुग्णाला विचारायचं तेही असंच: ‘हाउ लाँग हॅव यू हॅड धिस पेन?’

पायरी २: ‘पर्यंत’ची दोन रूपं

‘शुक्रवारपर्यंत फॉर्म भरा’ आणि ‘शुक्रवारपर्यंत सुट्टी आहे’. मराठीत दोन्हीकडे ‘पर्यंत’. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय फ्रायडे’ आणि दुसऱ्याला ‘अंटिल फ्रायडे’. ‘टिल’ म्हणजे ‘अंटिल’च, अर्थात फरक नाही.

कोणतं कुठे, हे ठरवायला मराठीतलाच उपाय सांगतो. ‘पर्यंत’च्या पुढे ‘कधीही’ घालून बघा, मग ‘सलग’ घालून बघा. ‘शुक्रवारपर्यंत कधीही फॉर्म भरा’ बसतं, म्हणून ‘बाय’. ‘शुक्रवारपर्यंत सलग सुट्टी आहे’ बसतं, म्हणून ‘अंटिल’. ‘शुक्रवारपर्यंत सलग फॉर्म भरा’ म्हटलं तर माणूस आठवडाभर फॉर्मच भरत बसेल. ऑफिसातून जाणारी ‘प्लीज सबमिट टिल फ्रायडे’ ही ईमेल इंग्रजी वाचणाऱ्याला नेमकी तशी दिसते.

नकारात जास्त जपावं लागतं. ‘आय वोन्ट बी इन द ऑफिस अंटिल फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारी मी येतोय. आपल्या ‘शुक्रवारपर्यंत येणार नाही’ मध्ये शुक्रवार धरायचा की सोडायचा हे बोलण्याच्या ओघात ठरतं. म्हणून इंग्रजीत लिहिताना दुसरी बाजूही लिहून टाका: ‘आय विल बी बॅक ऑन फ्रायडे.’ अमेरिकेत ‘मंडे थ्रू फ्रायडे’ म्हणतात तेव्हा शुक्रवार नक्की धरलेला असतो. आणि शेवटची तारीख देताना तास लिहिण्याची सवय लावा: ‘बाय फाइव्ह पीएम ऑन फ्रायडे’. लोकांचा गोंधळ वाचतो.

पायरी ३: पूर्वी, नंतर, -नी आणि -त

पहिल्या पायरीवरचा ‘किती की कधी’ हा प्रश्न इथे पुन्हा कामाला येतो.

‘दोन वर्षांपूर्वी’ याला आपण ‘बिफोर टू इयर्स’ म्हणून मोकळे होतो. पण ‘बिफोर’ टिंबाला लागतो: ‘बिफोर फ्रायडे’, ‘बिफोर द एक्झाम’. आजपासून मागे मोजलेल्या तुकड्याला ‘अगो’ लागतो, आणि तोही आपल्या ‘पूर्वी’सारखाच शब्दाच्या मागून येतो: ‘टू इयर्स अगो’. ‘टू इयर्स बॅक’ भारतात सगळीकडे चालतं आणि बोलताना त्यात काही वावगं नाही. अर्जात, पत्रात मात्र ‘अगो’ लिहा. ‘अगो’ आला की क्रियापद साध्या भूतकाळात: ‘आय जॉइन्ड टू इयर्स अगो.’ तिथे ‘हॅव’ बसत नाही.

पुढचा काळ मोजायलाही तीच रीत आहे. ‘आफ्टर’ टिंबाला, म्हणजे ‘आफ्टर लंच’, ‘आफ्टर दिवाळी’. आत्तापासून पुढच्या तुकड्याला ‘इन’. ‘दोन दिवसांनी येतो’ म्हणजे ‘आय विल कम इन टू डेज’. इथे मराठी माणूस अडखळतो, कारण ‘इन’ म्हणजे ‘आत’ हे शाळेत पक्कं झालेलं असतं, आणि ‘इन टू डेज’ ऐकलं की तो ‘दोन दिवसांत, म्हणजे कदाचित उद्याही’ असं समजतो. ‘-त’ला खरा शब्द आहे ‘विदिन’. ‘विदिन टू डेज’ म्हणजे दोन दिवसांच्या आत, केव्हाही. डॉक्टरांनी ‘कम बॅक इन टू वीक्स’ सांगितलं तर दोन आठवडे झाल्यावर जायचं. ‘विदिन टू वीक्स’ सांगितलं तर त्याच्या आत जायचं. पुरं झालेलं काम सांगताना मात्र ‘इन’ आपल्या ‘-त’सारखाच वागतो: ‘शी फिनिश्ड इट इन टू डेज’, तिने दोन दिवसांत संपवलं.

गोष्ट सांगताना, म्हणजे मागच्या एखाद्या दिवसापासून पुढे मोजताना, ‘टू डेज लेटर’ वापरा. ‘दुसऱ्या दिवशी’ला ‘द नेक्स्ट डे’. इथे ‘द अदर डे’ कधीही घालू नका. त्याचा अर्थ ‘मध्ये एकदा, एवढ्यात कधीतरी’ असा आहे. आपला ‘परवा’ दोन्ही दिशांना जातो, ‘परवा आलो’ आणि ‘परवा जाणार’. इंग्रजीत त्याचे दोन लांबलचक शब्द होतात: ‘द डे बिफोर येस्टरडे’ आणि ‘द डे आफ्टर टुमॉरो’. दोन्ही पाठच करावे लागतात, त्याला इलाज नाही.

‘आज सकाळी’ म्हणजे ‘धिस मॉर्निंग’, ‘काल रात्री’ म्हणजे ‘लास्ट नाइट’, ‘आज रात्री’ म्हणजे ‘टुनाइट’. ‘टुडे मॉर्निंग’ आणि ‘येस्टरडे नाइट’ इथेच सोडून द्या.

‘दरम्यान’बद्दल एवढंच: ‘ड्युरिंग’च्या पुढे घटनेचं नाव, ‘ड्युरिंग द मीटिंग’. ‘व्हाइल’च्या पुढे अख्खं वाक्य, ‘व्हाइल आय वॉज इन द मीटिंग’. आणि ‘दोन तास’ आले की पुन्हा ‘फॉर’.

पायरी ४: ‘आठ दिवस’ म्हणजे सात, ‘पंधरा दिवस’ म्हणजे चौदा

ही माझी सगळ्यात आवडती पायरी, कारण इथे दोन भाषांची मोजण्याची पद्धतच वेगळी पडते.

आपण म्हणतो, ‘आठ दिवसांनी ये.’ ऐकणारा न सांगता समजतो की पुढच्या आठवड्यात याच वारी. म्हणजे प्रत्यक्षात सात दिवस. ‘आठवडा’ या शब्दात तर आठ आकडा उघड बसलेला आहे. या सोमवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत दोन्ही सोमवार धरून बोटं मोजली की आठ होतात. ‘पंधरा दिवस’ आणि ‘पंधरवडा’ही तसेच, शिवाय त्यांना शुक्ल आणि कृष्ण पक्षांच्या पंधरा तिथींचा आधार आहे. दोन्ही टोकं धरून मोजण्याची ही रीत आपल्या एकट्याची नाही. फ्रेंच लोकही आठवड्याला ‘आठ दिवस’ आणि दोन आठवड्यांना ‘पंधरा दिवस’ म्हणतात.

इंग्रजीने रात्री मोजल्या. ‘फोर्टनाइट’ हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या ‘चौदा रात्री’ या शब्दांपासून झाला. सात रात्रींसाठी ‘सेनाइट’ असाही शब्द होता, तो आता वापरातून गेला. रोमन इतिहासकार टॅसिटसने इसवी सन ९८ च्या सुमारास जर्मन टोळ्यांबद्दल लिहिताना नोंदवून ठेवलंय की हे लोक आपल्यासारखे दिवस मोजत नाहीत, रात्री मोजतात. इंग्रजीची मुळं त्याच भाषाकुळातली. एका सोमवारपासून दोन आठवड्यांनंतरच्या सोमवारपर्यंत मधे रात्री चौदाच पडतात. दोन्ही सोमवार धरून दिवस मोजायला गेलं तर ते पंधरा होतात. काळ तोच, मोजायला घेतलेली वस्तू वेगळी.

आता कामाचं. ऑफिसात ‘आय विल बी बॅक आफ्टर एट डेज’ किंवा ‘द रिपोर्ट विल कम इन फिफ्टीन डेज’ असं बोललात, तर परदेशातला सहकारी कॅलेंडर उघडून खरोखर आठ आणि पंधरा मोजेल आणि भलत्याच वारावर जाऊन पोचेल. तिथे ‘इन अ वीक’ आणि ‘इन टू वीक्स’ म्हणा. ‘फोर्टनाइट’ ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये रोजच्या बोलण्यात आहे, भारतीय इंग्रजीतही आहे. अमेरिकेत तो क्वचित ऐकू येतो, म्हणून तिकडच्या लोकांशी ‘टू वीक्स’च बरं.

‘नेक्स्ट फ्रायडे’ हाही एक सापळा आहे. सोमवारी कोणी ‘नेक्स्ट फ्रायडे’ म्हणालं तर हा येणारा शुक्रवार की त्याच्या पुढचा, यावर जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांचंही एकमत नसतं. वारासोबत तारीख सांगा, विषय संपतो.

वार बदलतो कधी, हेही इथेच सांगून टाकतो. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो आणि आपल्या मनातही शनिवारची रात्र पहाटेपर्यंत शनिवारचीच असते. इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते. रेल्वेच्या तिकिटावर ००:१० अशी वेळ आणि १५ तारीख असेल, तर स्टेशनवर १४ तारखेच्या रात्री जायचं असतं. यात गाडी चुकलेली माणसं मी पाहिली आहेत. ‘ट्वेल्व्ह एएम’ आणि ‘ट्वेल्व्ह पीएम’ यांतही असाच घोळ होतो, म्हणून ‘मिडनाइट’ आणि ‘नून’ हे शब्द वापरा.

पायरी ५: दीड, अडीच आणि पाऊण

या बाबतीत मराठी श्रीमंत आहे. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडे, पावणे: एका शब्दात काम होतं. इंग्रजीला प्रत्येक वेळी वाक्यच जोडावं लागतं. दीड तास म्हणजे ‘ॲन अवर अँड अ हाफ’ किंवा ‘वन अँड अ हाफ अवर्स’. मधला ‘अ’ विसरून ‘वन अँड हाफ अवर’ म्हणणं ही आपली हमखास चूक. आणखी एक गंमत बघा: ‘दीड वर्ष’ आपण एकवचनी बोलतो, इंग्रजीत एकाच्या पुढे गेलं की अनेकवचन, ‘वन अँड अ हाफ इयर्स’. पाऊण तासाला ‘थ्री-क्वार्टर्स ऑफ ॲन अवर’ आहे, पण बोलताना ‘फॉर्टी-फाइव्ह मिनिट्स’ सोपं. ‘अवर’मधला पहिला एच उच्चारात नाही, म्हणून ‘ॲन अवर’.

घड्याळाची वेळ सांगताना सव्वा म्हणजे ‘क्वार्टर पास्ट’, साडे म्हणजे ‘हाफ पास्ट’, पावणे म्हणजे ‘क्वार्टर टु’. पावणेआठ, ‘क्वार्टर टु एट’. दोन्ही भाषा आठाकडे बघून मागे येतात, त्यामुळे हे पटकन बसतं. ब्रिटनमध्ये गेलात तर ‘हाफ सेव्हन’ ऐकू येईल. ते साडेसहा नव्हेत. मधला ‘पास्ट’ गिळलेला असतो, म्हणजे साडेसात.

आता एका छोट्या आडव्या रेघेबद्दल. ‘दहा मिनिटांची विश्रांती’ म्हणताना आपण मिनिटं अनेकवचनी ठेवतो आणि मग ‘टेन मिनिट्स ब्रेक’ लिहितो. नामाच्या आधी विशेषणासारखा बसलेला कालावधी इंग्रजीत एकवचनी होतो आणि मधे रेघ येते: ‘अ टेन-मिनिट ब्रेक’, ‘अ थ्री-डे कॅम्प’, ‘अ फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय’. लक्षात ठेवायला आपलंच उदाहरण घ्या. ‘तीन दिवसांचं शिबिर’ आणि ‘तीनदिवसीय शिबिर’. दुसऱ्यात ‘दिवस’ला अनेकवचनाचं काही लागलं नाही, तो जोडला गेला. इंग्रजीची रेघ म्हणजे आपला हा ‘-ईय’. नामाच्या आधी नसेल तेव्हा अनेकवचन परत येतं: ‘द बॉय इज फाइव्ह इयर्स ओल्ड’.

पायरी ६: किती वेळानं, किती वेळा

आपल्या किती तरी गावांत पाणी दिवसाआड येतं. ‘दिवसाआड’ला इंग्रजीत ‘एव्हरी अदर डे’ म्हणतात, आपल्याकडे ‘ऑन ऑल्टरनेट डेज’ही चालतं. ‘अदर’चा अर्थ इथे ‘एक सोडून दुसरा’. दोन दिवस सोडून तिसऱ्या दिवशी असेल तर ‘एव्हरी थर्ड डे’ म्हणा, किंवा त्याहून स्पष्ट ‘एव्हरी थ्री डेज’.

‘बायवीकली’ आणि ‘बायमंथली’ हे शब्द मी शिकवतो ते ओळखायला, वापरायला नव्हे. शब्दकोश दोघांनाही दोन-दोन अर्थ देतात: ‘बायवीकली’ला आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा, ‘बायमंथली’ला महिन्यातून दोनदा आणि दोन महिन्यांतून एकदा. पगाराच्या किंवा हप्त्याच्या कागदावर ‘बायवीकली’ दिसलं की नेमकं कोणतं ते विचारून घ्या. स्वतः लिहिताना ‘ट्वाइस अ वीक’ किंवा ‘एव्हरी टू वीक्स’. ‘बायॲन्युअल’ म्हणजे वर्षातून दोनदा आणि ‘बिएनिअल’ म्हणजे दोन वर्षांतून एकदा. कोचीला २०१२ मध्ये सुरू झालेलं कलाप्रदर्शन ‘बिएनाले’ का म्हणवतं, ते यावरून कळेल. ‘बिएनाले’ हा ‘बिएनिअल’चाच इटालियन भाऊ.

औषधाच्या बाबतीत हा विषय नुसत्या भाषेचा राहत नाही. ‘थ्री टाइम्स अ डे’ म्हणजे दिवसातून तीनदा, बहुधा जेवणाखाणाच्या वेळा धरून. ‘एव्हरी एट अवर्स’ म्हणजे घड्याळ लावून आठ-आठ तासांनी, मग झोपमोड झाली तरी. दोन्हीत गोळ्या तीनच, पण सूचना वेगळी. चिठ्ठीवरची ‘ओडी’, ‘बीडी’, ‘टीडीएस’ ही लॅटिन शब्दांची संक्षिप्त रूपं: एकदा, दोनदा, तीनदा. ‘एचएस’ म्हणजे झोपताना, ‘एसओएस’ म्हणजे लागल्यास. शंका आली तर अंदाज बांधू नका, औषधवाल्याला किंवा डॉक्टरांना विचारा.

‘क्रॉनिक’ आणि ‘ॲक्यूट’ हेही काळाचे शब्द आहेत, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. ‘क्रॉनिक’ ऐकलं की घरातली माणसं ‘फारच वाईट’ असं समजून घाबरतात. ग्रीक ‘क्रोनोस’ म्हणजे काळ, त्यावरून ‘क्रॉनिक’ म्हणजे दीर्घकाळ चाललेलं. मूत्रपिंडाच्या आजाराला ‘क्रॉनिक’ म्हणायला बिघाड तीन महिन्यांहून जास्त असावा लागतो. ‘ॲक्यूट’ म्हणजे अचानक उद्भवलेलं. आजार सौम्य की गंभीर, हे या दोन शब्दांवरून ठरवू नका.

पायरी ७: कागद वाचताना

करारात, फॉर्मवर, जाहिरातीत कालावधीचा एकेक शब्द पैशाचा असतो.

‘डेज’ आणि ‘वर्किंग डेज’ यांत फरक करा. ‘टेन वर्किंग डेज’ म्हणजे शनिवार-रविवार सुट्टी असलेल्या ठिकाणी पूर्ण दोन आठवडे, मधे सण आला तर त्याहून जास्त. ‘नोटीस पिरियड’ महिन्यात दिलाय की दिवसांत ते बघा. ‘वन मंथ’ आणि ‘थर्टी डेज’ फेब्रुवारीत सारखे राहत नाहीत. राजीनाम्यात ‘टू मंथ्स’ नोटीस’ लिहिताना ‘मंथ्स’वर शेवटी स्वल्पविरामासारखं चिन्ह येतं, कारण तो ‘दोन महिन्यांची’ मधला ‘ची’ आहे.

मोबाइलच्या रिचार्जवर २८ दिवस लिहिलेले असतात आणि आपण मनात महिना धरतो. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४, म्हणजे वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने २०२२ मध्ये कंपन्यांना ३० दिवसांच्या मुदतीचा किमान एक पर्याय ठेवायला सांगितलं, तो मागून घेता येतो.

‘क्वार्टर’ म्हणजे तीन महिने, पण कोणते? भारतात आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, म्हणून पहिली तिमाही एप्रिल ते जून. अमेरिकेच्या केंद्र सरकारचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, ऑस्ट्रेलियाचं १ जुलैला आणि ब्रिटनमधलं वैयक्तिक करवर्ष ६ एप्रिलला. परदेशी ग्राहकाने ‘क्यू वन’ म्हटलं की महिन्यांची नावं विचारा.

मुलाकडे निघालेल्या आईवडिलांनी व्हिसाचा कागद ‘किती की कधी’ याच प्रश्नाने वाचावा. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसावर दहा वर्षं पुढची तारीख असू शकते. ते टिंब आहे, त्या तारखेपर्यंत दारात जाता येतं. आत किती राहायचं हा तुकडा वेगळा, तो प्रवेशाच्या वेळी ठरतो. युरोपातल्या शेंगेन देशांचा नियम ‘नाइन्टी डेज इन एनी वन-एटी-डे पिरियड’ असा आहे. हे तीन महिने नव्हेत, मोजून ९० दिवस, आणि ‘एनी’ म्हणजे कोणत्याही दिवशी मागे वळून १८० दिवस मोजायचे. पोचल्याचा आणि निघाल्याचा असे दोन्ही दिवस धरतात, अगदी आपल्या आठवड्यासारखे.

फॉर्मवर ‘एज इन कम्प्लीटेड इयर्स’ असेल तर पूर्ण झालेली वर्षं लिहा. ‘साठावं लागलं’ म्हणजे पूर्ण झालेली एकोणसाठ.

पायरी ८: सैल शब्द

‘मिनिट’ आणि ‘सेकंद’ हे लॅटिनमधल्या ‘पहिला बारीक भाग’ आणि ‘दुसरा बारीक भाग’ या शब्दांतून आले. तासाचे साठ, पुन्हा त्यांचे साठ. आपल्या घटकेचीही साठ पळं होतात. आणि जशी चोवीस मिनिटांची घटका बोलण्यात सैल होऊन ‘घटकाभर बस’ झाली, तसाच ‘मोमेंट’ हा मध्ययुगात तासाचा चाळिसावा भाग, म्हणजे ९० सेकंद होता आणि आज नुसता क्षण झाला. ‘जस्ट अ मिनिट’ म्हणणारा माणूस साठ सेकंद मोजत नसतो, जसे आपण ‘दोन मिनिटं हं’ म्हणताना मोजत नाही.

‘अ कपल ऑफ डेज’ म्हणजे साधारण दोन, ‘अ फ्यू डेज’ म्हणजे तीन-चार, ‘सेव्हरल डेज’ त्याहून थोडे जास्त. ‘फॉर अ व्हाइल’ म्हणजे काही काळ. ‘फॉर एजेस’ म्हणजे फार दिवस, ‘किती दिवसांनी भेटलीस!’ म्हणताना येतो तो. ‘प्रेझेन्टली’ जपून वापरा. आपण तो ‘सध्या’ म्हणून लिहितो, ब्रिटनमध्ये अनेकांना तो ‘थोड्याच वेळात’ असा ऐकू येतो. ‘करन्टली’ लिहिलं की वाद नाही.

दशकं सांगताना ‘द नाइन्टीज’ म्हणजे १९९० ते १९९९, पण ‘शी इज इन हर नाइन्टीज’ म्हणजे बाई नव्वदी ओलांडलेल्या. आणि कधी जुन्या इंग्रजीत ‘स्कोर’ दिसला तर दचकू नका, तो विसाचा गट आहे. १८६३ च्या गेटिसबर्गच्या भाषणाची सुरुवात अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष लिंकन यांनी ‘फोर स्कोर अँड सेव्हन इयर्स अगो’ अशी केली. चार विसा आणि सात, सत्त्याऐंशी वर्षांपूर्वी, म्हणजे १७७६. ‘तीन विसा म्हणजे साठ’ असा हिशोब करणारी आजी ज्यांच्या घरात होती, त्यांना हे वाक्य पाठ करावं लागणार नाही.

आता सराव. पुढची पाच वाक्यं आधी मोठ्याने मराठीत म्हणा, ‘किती की कधी’ विचारा आणि मगच खालचं इंग्रजी बघा.

आई आठ दिवसांपासून आजारी आहे.
‘माय मदर हॅज बीन इल फॉर अ वीक.’

मी पंधरा दिवसांपूर्वी अर्ज केला, अजून उत्तर नाही.
‘आय अप्लाइड टू वीक्स अगो, अँड आय हॅव नॉट हर्ड बॅक यट.’

शनिवारपर्यंत पैसे भरा, ऑफिस सातपर्यंत उघडं असतं.
‘प्लीज पे बाय सॅटर्डे. द ऑफिस इज ओपन अंटिल सेव्हन.’

दीड तासाने फोन करतो, आत्ता मीटिंगमध्ये आहे.
‘आय विल कॉल यू इन ॲन अवर अँड अ हाफ. आय ॲम इन अ मीटिंग राइट नाउ.’

आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं, तेही पाऊण तास.
‘वी गेट वॉटर एव्हरी अदर डे, अँड ओन्ली फॉर फॉर्टी-फाइव्ह मिनिट्स.’